पालघर-बोईसरमधले बारा किलोमीटर आणि महासंगणकाच्या तारा

पालघर ते बोईसर हे रेल्वेचं अंतर साधारण बारा किलोमीटर. मध्ये एकच स्थानक, उमरोळी. जुलैमध्ये या पट्ट्यात राहणाऱ्यांना ठाऊक असतं, की पालघरला पाऊस कोसळत असताना बोईसरच्या एमआयडीसीत रस्ते नुसते ओले असू शकतात, आणि कधी याच्या बरोबर उलटही घडतं. डोळ्यांनी दिसणारा हा फरक अंदाजात उतरवायचा, तर संगणकालाही पालघर आणि बोईसर वेगवेगळी दिसावी लागतात.

हवामानाचं गणित करताना पृथ्वीचे चौकोन पाडतात, आणि प्रत्येक चौकोनावर हवेचे डझनावारी थर रचतात. पुण्याच्या पाषाण भागात भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथे जानेवारी २०१८मध्ये ‘प्रत्युष’ हा महासंगणक सुरू झाला. त्यावर चालणाऱ्या जागतिक प्रारूपात चौकोनाची बाजू सुमारे १२ किलोमीटर होती. म्हणजे पालघरला एक चौकोन, बोईसरला शेजारचा, आणि उमरोळी दोघांपैकी कुणाच्या तरी पदरात. २६ मे २०२५ रोजी ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ अधिकृतपणे वापरात आली आणि बाजू ६ किलोमीटरवर आली. आता उमरोळीला स्वतःचा चौकोन मिळाला.

बाजू निम्मी केली तर काम दुप्पट होईल असं वाटतं. तसं होत नाही. लांबीत दुप्पट आणि रुंदीत दुप्पट, म्हणून चौकोन चौपट होतात. पृथ्वीचं क्षेत्रफळ ५१ कोटी चौरस किलोमीटर धरलं, तर ३५ लाखांवरून संख्या १ कोटी ४० लाखांच्या पुढे जाते. शिवाय वारा एका पावलात अख्खा चौकोन ओलांडून जाता कामा नये, नाहीतर गणित फिसकटतं. म्हणून वेळेची पावलंही निम्मी करावी लागतात. एकूण काम आठपट. आणि एवढं करून उत्तर उशिरा मिळालं तर उपयोग शून्य, कारण उद्याच्या पावसाचा अंदाज परवा नको असतो. या कामासाठी पुण्याच्या त्याच संस्थेत ११.७७ पेटाफ्लॉपचा ‘अर्का’ बसवला गेला. २६ सप्टेंबर २०२४ रोजी त्याचं उद्घाटन झालं. पेटाफ्लॉप म्हणजे दशांश-चिन्हाच्या संख्यांच्या बेरजा-गुणाकार सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतक्या वेळा.

हा आकडा बातमीत येतो आणि बातमी तिथेच संपते. पण महासंगणकाची खरी गोष्ट त्या आकड्यात फार थोडी असते. ती असते त्याच्या तारांमध्ये.

आधी यंत्र आतून पाहू. महासंगणक हा एक अजस्र मेंदू असतो, ही समजूत तीसेक वर्षांपूर्वीच कालबाह्य झाली. आज महासंगणक म्हणजे क्लस्टर: एकसारखे हजारो संगणक, कपाटासारख्या रॅकमध्ये एकावर एक रचलेले आणि अतिवेगवान जाळ्यानं जोडलेले. त्यातल्या एका संगणकाला नोड म्हणतात. ‘प्रत्युष’मध्ये असे ३,३०० हून जास्त नोड आहेत. प्रत्येक नोडमध्ये इंटेल झिऑनचे दोन प्रोसेसर, प्रत्येक प्रोसेसरमध्ये १८ कोअर. कोअर म्हणजे स्वतंत्रपणे गणित करणारा भाग. सगळे मिळून १ लाख १९ हजारांवर कोअर एका वेळी गणित करू शकतात.

इतके कोअर का लागतात? कारण एका कोअरचा वेग वाढायचा जवळजवळ थांबला आहे. २००५च्या सुमारास प्रोसेसरचं घड्याळ तीन-चार गिगाहर्ट्झपाशी अडलं. त्यापुढे वेग वाढवला की चिप इतकी तापते, की उष्णता काढणं परवडत नाही. तेव्हापासून कंपन्यांनी एकाच चिपवर जास्त कोअर बसवायला सुरुवात केली, आणि महासंगणक बांधणाऱ्यांनी जास्त चिप.

हजारो कोअर एका कामाला जुंपणं म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला बोईसरच्या पश्चिमेला समुद्रकाठी जावं. तारापूर अणुऊर्जा केंद्राचे पहिले दोन संच अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकनं बांधले आणि १९६९मध्ये त्यांची वीज सुरू झाली. तिसरा आणि चौथा संच भारतीय बनावटीचे, प्रत्येकी ५४० मेगावॉटचे. चौथा २००५मध्ये आणि तिसरा २००६मध्ये व्यावसायिक उत्पादनात आला. या दोन्ही संचांत जड पाण्याची भट्टी आहे, आणि तिच्या गाभ्यात ३९२ आडव्या नळ्या असतात. प्रत्येक नळीत इंधनाच्या १३ जुड्या, प्रत्येक जुडीत ३७ कांड्या. गुणाकार केला तर ५,०९६ जुड्या आणि १ लाख ८८ हजारांहून जास्त कांड्या. भट्टी चालू असतानाच जुन्या जुड्या काढून नव्या भरल्या जातात, त्यामुळे गाभ्याचा नकाशा सतत बदलत राहतो. कोणत्या जुडीत किती शक्ती निर्माण होतेय आणि आता कोणती नळी भरायची, हे गणितानंच ठरतं.

हे गणित क्लस्टरवर दोन तऱ्हांनी करता येतं. पहिल्या तऱ्हेत एकेका न्यूट्रॉनची जन्मापासून शेवटपर्यंतची वाटचाल फासे टाकल्यासारखी शक्यतांनी ठरवतात. याला माँटे कार्लो पद्धत म्हणतात. कोट्यवधी न्यूट्रॉनांच्या वाटचाली एकमेकींवर अवलंबून नसतात. हजार नोडना वाटून द्या, प्रत्येकजण आपापलं करील आणि शेवटी बेरीज होईल. मधल्या काळात कुणी कुणाशी फारसं बोलायचं नाही. अशा कामाला साधं इथरनेटही पुरतं.

दुसऱ्या तऱ्हेत गाभ्याचे घन तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यात न्यूट्रॉनांची दाटी काढतात. इथे गोष्ट बदलते. एका तुकड्यातले न्यूट्रॉन शेजारच्या तुकड्यात जातात, तिथले इकडे येतात. म्हणून गणिताच्या प्रत्येक पावलानंतर प्रत्येक नोडला शेजारच्या नोडकडून कडेच्या संख्या मागवाव्या लागतात. त्या येईपर्यंत पुढचं पाऊल नाही. पावसाच्या चौकोनांचंही हेच: पालघरचा वारा उमरोळीत शिरतो, उमरोळीचा बोईसरला. भट्टी तीच, प्रश्न तोच. पण पद्धत बदलली की लागणारं यंत्र बदलतं.

आता वेळेचा हिशेब पाहा. तीन गिगाहर्ट्झच्या कोअरचं घड्याळ एका नॅनोसेकंदात तीन ठोके देतं. त्याच नोडच्या मुख्य मेमरीतून संख्या आणायला सुमारे शंभर नॅनोसेकंद, म्हणजे तीनशे ठोके. दुसऱ्या नोडमधून आणायची तर इन्फिनीबँडसारख्या उत्तम जाळ्यावरही एक मायक्रोसेकंदाच्या आसपास लागतो, म्हणजे तीन हजार ठोके. कार्यालयातल्या साध्या इथरनेटवर त्याचे कितीतरी पट. या तीन हजार ठोक्यांत कोअर रिकामा बसला, तर त्याच्यावर खर्च केलेले पैसे वाया. महासंगणक बांधणाऱ्या अभियंत्याची झोप उडवतो तो हा हिशेब.

म्हणून क्लस्टरच्या जाळ्यात दोन गोष्टी पाहतात. एक, निरोप पोचायला लागणारा वेळ. दुसरी, एका वेळी मावणारा माल, म्हणजे सेकंदाला किती गिगाबिट. आजची इन्फिनीबँड जोडणी १००, २०० किंवा ४०० गिगाबिटची असते. तिची खरी करामत वेगळीच आहे. साध्या जाळ्यात निरोप ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातून जातो, तिथे त्याच्या नकला होतात, वेळ जातो. इन्फिनीबँडचं कार्ड एका नोडच्या मेमरीतून थेट दुसऱ्या नोडच्या मेमरीत संख्या ठेवतं. मधला प्रोसेसर आपल्या गणितात गुंतलेला राहतो.

पण हजारो नोडची प्रत्येकाशी प्रत्येकाची तार ओढता येत नाही. मधे स्विच बसवावे लागतात, आणि स्विचांची मांडणी कशी करायची हे स्वतंत्र शास्त्र झालं आहे. सर्वांत रुळलेली मांडणी म्हणजे ‘फॅट ट्री’, जाड बुंध्याचं झाड. एमआयटीच्या चार्ल्स लायझरसन यांनी ती १९८५मध्ये मांडली. पश्चिम रेल्वेच्या प्रवाशाला ती चटकन कळेल. डहाणूपासून विरारपर्यंत आजवर दोनच मार्ग, विरारच्या पुढे बोरिवलीपर्यंत चार, तिथून मुंबई सेंट्रलकडे पाच-सहा. जसजशी गर्दी एकत्र येते, तसतसे मार्ग वाढतात. फॅट ट्रीमध्येही नोडपाशी एक तार, वरच्या स्विचकडे जाताना तारांच्या जुड्या. बुंधा पुरेसा जाड ठेवला, तर अर्धे नोड उरलेल्या अर्ध्यांशी एकदम बोलू लागले तरी कोंडी होत नाही. पैसे वाचवायला बुंधा बारीक केला, की काय होतं हे विरार-डहाणू पट्ट्यात रोज सकाळी दिसतं. तिथे चौपदरीकरणाचं काम हाती घेतलं आहे ते उगाच नाही.

‘प्रत्युष’ क्रे कंपनीच्या एक्ससी४० जातीचा आहे आणि त्याचं जाळं ‘ड्रॅगनफ्लाय’ प्रकारचं आहे: नोडचे गट, गटाच्या आत दाट तारा, आणि प्रत्येक गटाची दुसऱ्या गटांशी थेट जोडणी. निरोपाला मध्ये फार थांबे पडत नाहीत.

महाराष्ट्रात या विद्येची मुळं अडवणुकीत आहेत. १९८०च्या दशकाच्या शेवटी भारताला हवामानासाठी क्रेचा एक्स-एमपी हा एक महासंगणक मिळाला, पण त्याहून ताकदवान यंत्र द्यायला अमेरिका तयार झाली नाही. १९८८मध्ये पुण्यात सीडॅक या प्रगत संगणन केंद्राची स्थापना झाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख झाले, आणि १९९१मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. त्यातला प्रोसेसर इन्मॉस कंपनीचा टी८०० ट्रान्सप्युटर होता. एकटा ट्रान्सप्युटर काही फार मोठा गणिती नव्हता. पण त्याच्या चिपमध्येच शेजाऱ्यांशी बोलायच्या चार जोडण्या होत्या. पुण्याच्या अभियंत्यांनी गणनेच्या वेगाइतकंच संवादाच्या सोयीकडे पाहिलं, आणि इथेच त्यांची दृष्टी दिसते.

त्याच वर्षी मुंबईत तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, ‘अनुपम’ मालिकेची सुरुवात झाली. बाजारात मिळणारे इंटेलचे आय८६० प्रोसेसर जोडून भाभा केंद्रानं समांतर संगणक बांधला. तारापूरलाही इंधनाच्या सुविधा चालवणाऱ्या या संस्थेला स्वतःच्या गणितासाठी परदेशी परवान्याची वाट पाहत बसायचं नव्हतं. पुढे ‘अनुपम’च्या पिढ्या आल्या, पेंटियम आणि झिऑनवर गेल्या, आणि अनुपम यंत्रं हलकं लढाऊ विमान घडवणाऱ्या बंगळुरूच्या संस्थेत आणि दिल्लीच्या हवामान केंद्रातही कामाला लागली. नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी साध्या पीसींचा ‘बिओवुल्फ’ क्लस्टर बांधला तो १९९४मध्ये. बाजारातले सुटे प्रोसेसर जोडून मोठं गणित करण्याची वाट ट्रॉम्बेनं त्याच्या तीन वर्षं आधी धरली होती. ही गोष्ट आपल्याकडे फार कमी सांगितली जाते, आणि ती शाळेच्या पुस्तकात यायला हवी.

नोव्हेंबर २००७मध्ये पुण्याच्याच ‘एका’नं जगातल्या वेगवान महासंगणकांच्या यादीत चौथा क्रमांक पटकावला. टाटांच्या कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचं हे यंत्र ११७.९ टेराफ्लॉपचं होतं (हजार टेराफ्लॉप म्हणजे एक पेटाफ्लॉप). त्याचे नोड ह्यूलेट-पॅकार्डचे, प्रोसेसर इंटेलचे. असे सुटे भाग जगात कुणालाही विकत मिळत होते. पण चौदा हजारांवर कोअर एकजीव चालतील अशी जोडणी करणं, हे काम पुण्यात झालं. त्यानंतर एकही भारतीय यंत्र त्या क्रमांकाजवळ गेलेलं नाही.

यादीबद्दल थोडं सांगायला हवं. यादीतला क्रमांक लिनपॅक नावाच्या चाचणीवर ठरतो. एकसामयिक समीकरणांचा तो मोठा संच असतो, आणि त्यात प्रोसेसरला भरपूर काम आणि मेमरीला तुलनेनं कमी. हवेचं किंवा भट्टीचं गणित असं नसतं. त्यात संख्या सतत मेमरीतून आणाव्या लागतात. म्हणून एचपीसीजी नावाची दुसरी चाचणी निघाली, जी खऱ्या कामाच्या जवळ जाते. तिचे निकाल डोळे उघडणारे आहेत. जपानचा ‘फुगाकू’ लिनपॅकमध्ये ४४२ पेटाफ्लॉप देतो, एचपीसीजीमध्ये १६. अमेरिकेचा ‘फ्रंटिअर’ लिनपॅकमध्ये १,३००च्या पुढे जातो, एचपीसीजीमध्ये १४वर येतो. कागदावर तिप्पट मोठं यंत्र खऱ्या कामासारख्या चाचणीत मागे पडलं, कारण ‘फुगाकू’च्या बांधणीत मेमरी आणि जाळं यांना प्रोसेसरइतकाच मान दिला होता.

मेमरीची ही भूक भागवायला क्लस्टरमधल्या ग्राफिक्स प्रोसेसरचीही, म्हणजे जीपीयूचीही, मदत होते. त्यांच्यात साधे कोअर हजारोंनी असतात, आणि मेमरी चिपच्या अगदी शेजारी थर रचून बसवलेली असते. २०२०च्या सुमारास साध्या सर्व्हर प्रोसेसरला मेमरीतून सेकंदाला दोनशे गिगाबाइटच्या आसपास मिळत. एनव्हिडियाच्या ए१०० जीपीयूला दीड हजाराच्या पुढे. सीडॅकच्या पुण्यातल्या ‘परम सिद्धी-एआय’मध्ये असे आठ जीपीयू असलेले ४२ नोड आहेत, म्हणजे ३३६ जीपीयू. केवळ ४२ नोडच्या जोरावर तो नोव्हेंबर २०२०च्या यादीत पहिल्या शंभरात आला.

क्लस्टरमध्ये गणिताचे नोड सोडून आणखीही मंडळी असतात. वापरणारा आधी येतो तो लॉगिन नोडवर. तिथून तो आपलं काम रांगेत टाकतो. कुणाला किती नोड आणि किती वेळ, हे स्लर्मसारखा सॉफ्टवेअर-मुकादम ठरवतो. साठवणीचे नोड वेगळे. लस्टर नावाची फाइल-व्यवस्था एकाच फाइलचे तुकडे अनेक सर्व्हरच्या डिस्कवर पसरवते, म्हणजे लिहिताना सगळे हात एकदम चालतात.

ही साठवण बिघाडासाठी फार मोलाची असते. समजा एक नोड सरासरी पाच वर्षांत एकदाच बंद पडतो. घरच्या संगणकाला हे उत्तमच. पण ३,३०० नोड एकत्र आले, की हिशेबानं दर तेरा तासांना कुठला तरी एक बंद पडणार. दोन दिवस चालणारं गणित मग पुरं कसं व्हायचं? म्हणून ठरावीक वेळानं सगळ्या नोडची मेमरी डिस्कवर उतरवतात. बिघाड झाला, तर त्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात. या उतरवण्याला जितका वेळ लागतो तितका वेळ गणित थांबतं, म्हणून डिस्कचा वेगही शेवटी महासंगणकाच्याच वेगात मोजायला हवा.

मग विजेचा प्रश्न. ‘प्रत्युष’ सव्वा ते दीड मेगावॉट वीज घेतो. नोव्हेंबर २०२४मध्ये यादीत पहिला आलेला अमेरिकेचा ‘एल कॅपिटन’ १.७४ एक्झाफ्लॉपसाठी (एक एक्झाफ्लॉप म्हणजे हजार पेटाफ्लॉप) सुमारे ३० मेगावॉट खातो. तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या एका संचावर अशी अठरा यंत्रं चालतील. आणि शिरलेली प्रत्येक वॉट शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. नुसत्या पंख्याच्या हवेनं दाट रॅक थंड राहत नाहीत. आकारमानाच्या हिशेबानं पाणी हवेच्या तीन हजारपटींहून जास्त उष्णता वाहून नेतं, म्हणून आता तांब्याच्या पट्ट्यांतून पाणी थेट प्रोसेसरच्या पाठीला लावून फिरवतात. भारतातल्या ‘परम’ मालिकेतल्या नव्या यंत्रांत हीच पद्धत वापरली जाते.

२०१५मध्ये साडेचार हजार कोटी रुपयांचं राष्ट्रीय महासंगणन अभियान मंजूर झालं. त्यातून आयआयटी, आयसर अशा संस्थांत क्लस्टर उभे राहिले. २६ सप्टेंबर २०२४ रोजी ‘परम रुद्र’ मालिकेचे तीन महासंगणक एकदम सुरू झाले; त्यातला एक नारायणगावजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या कामासाठी आहे. त्यांचे सर्व्हर सीडॅकनं भारतात आखलेले आहेत. प्रोसेसर मात्र अजून इंटेलचे. सीडॅकनं ‘त्रिनेत्र’ नावाचं स्वतःचं जाळंही विकसित केलं आहे. देशी प्रोसेसरच्या घोषणेला टाळ्या जास्त पडतात, पण या जाळ्याचं मोल तितकंच मोठं आहे. प्रोसेसर बाजारात अनेकांचे मिळतात. उच्च दर्जाचं जाळं बनवणारे जगात मोजकेच आहेत, आणि अडवणूक झाली तर ती इथेच जास्त बोचेल.

पालघर जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी आणि विज्ञान महाविद्यालयांनी हे सारं हातानं करून पाहावं, ही विनंती. ‘बिओवुल्फ’ सोळा साध्या ४८६ संगणकांचाच होता. प्रयोगशाळेतून बाद झालेले सोळा पीसी, एक स्विच, लिनक्स आणि एमपीआय हे नोडना आपापसांत बोलायला लावणारं मोफत सॉफ्टवेअर, एवढं पुरे. पत्र्याच्या तुकड्यात उष्णता कशी पसरते हे गणित आधी एका पीसीवर चालवावं, मग दोन, चार, आठ आणि सोळा. प्रत्येक वेळी लागलेला वेळ लिहून ठेवावा. मग १०० मेगाबिटचा स्विच काढून एक गिगाबिटचा लावावा आणि सगळं पुन्हा मोजावं. प्रोसेसर तेच असतील. दोन्ही कोष्टकांतला फरक विद्यार्थ्यांना स्वतःच मांडू द्यावा.